सहा मिनिटं बेचाळीस सेकंदांवर अडकलेला धवला

मी इथे बरेच दिवस नुसतं वाचत होते. खरं सांगायचं तर वाचताना मनातल्या मनात हसायचे. मी आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे ‘असं काही नसतं गं’ हे घरच्यांना समजावून सांगणं हे माझंच काम. म्हणून आज हे लिहिताना जरा संकोच वाटतोय... पण ताईच्या लग्नाआधीच्या महिनाभरात जे झालं ते मी वहीत नोंदवून ठेवलंय, आणि त्या नोंदी समोर ठेवूनच लिहिते आहे. काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या.

आम्ही करावे गावातले. बाजूने सीवूड्सचे टॉवर उभे राहिले तरी आमची आळी तशीच आहे. बाबा खाडीत मासेमारीला जातात, आई मासळी विकते. आमच्याकडे हळदीला धवला म्हणतात – लग्नातली विधीची गाणी. आमच्या घरची रीत अशी की धवल्याच्या शेवटी घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलवायचं. अकरा नावं आहेत आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. प्रत्येक नावाची चाल थोडी थोडी वेगळी. एक जरी राहून गेलं तर ते माणूस मांडवाबाहेर उभं राहतं, असं म्हणतात. हे कुठेही लिहिलेलं नाही. सगळं फक्त माझ्या आत्याला येत होतं.

आत्या – बाबांची मोठी बहीण – मागच्या वर्षी गेली. ती गावातच दिलेली होती, दोन गल्ल्या सोडून. जाण्याआधी तिने आईला सांगून ठेवलं होतं, “तुझ्या पोरीचा धवला तूच बोल, दुसऱ्या कोनाला बोलवू नको.” आणि तिच्या सुनेने, रेश्मा वहिनीने, आत्याला ओट्यावर बसवून अख्खा धवला मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवला होता. आईला लिहिता-वाचता येत नाही, ती ऐकूनच शिकणार. म्हणजे सगळा भार त्या एका व्हिडिओवर.

वहिनीने व्हिडिओ मला पाठवला. संध्याकाळी जेवणं उरकून आई फोनसमोर बसली. आत्या दिसली, हिरवं लुगडं, मांडीवर हात. छान चाललं होतं. नावं सुरू झाली... एक, दोन, तीन, चार, आणि अडकला. सहा मिनिटं बेचाळीस सेकंद. आत्याचं तोंड किंचित उघडं, नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला. वर पांढरी चक्री फिरतेय.

आई म्हणाली, “दर्शू, हे काय झालं गं?”

“काही नाही. फोन हँग झाला असेल.”

चक्री का फिरावी, हे मात्र मला तेव्हाही खटकलं. फाइल फोनमध्येच होती, नेटचा काही संबंध नव्हता.

पुढचे दोन दिवस मी जे जे येतं ते सगळं केलं. फोन बंद करून चालू केला. स्टोरेज भरलं होतं, कॉलेजचे सगळे जुने पीडीएफ उडवले. कॅशे साफ केला. बॅटरी सेव्हर काढला. दुसरा प्लेअर टाकला. फोन तापतोय म्हणून कव्हर काढून पंख्याखाली ठेवला. ताईच्या फोनवर टाकून बघितला. सकाळी आई मासळी घेऊन निघायच्या आधी बसायची, तेव्हाही अडकायचा. संध्याकाळी बसायची, तेव्हाही. दर वेळी सहा बेचाळीस.

मग पेन ड्राइव्हवर घेऊन कॉलेजच्या लॅबमध्ये गेले. दुपारची वेळ, लॅबच्या कॉम्प्युटरला स्पीकर नाही... पण मला फक्त पुढे जातोय का ते बघायचं होतं. गेला. सरळ शेवटपर्यंत गेला. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या मुलीला दाखवलं. घरी येऊन संध्याकाळी लावला तर परत तेच.

शिरवण्याला सलीमभाईंचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. मूळचे श्रीवर्धनकडचे, गावाकडच्या कोंबड्यांपासून निवडणुकीपर्यंत सगळं बोलतात. दुपारी त्यांना फोन दिला. त्यांनी व्हिडिओ लावला, बोटाने पुढे मागे सरकवला, सगळीकडे चालला.

“फोन एकदम ओके हाय. फाइल पन ओके हाय.”

“पण घरी अडकतो ना भाई...”

“मग घर रिपेअर करायला दुसऱ्या दुकानात जा.” मग माझा चेहरा बघून म्हणाले, “बहिणीचं लगीन हाय ना? दोन दिवस झोप काढ. टेन्शन तुला झालंय, फोनला नाय.”

परत येताना माझ्या डोक्यात एक विचार आला. चांगला नव्हता. रेश्मा वहिनी आत्याच्या मागे राहून अर्धा धवला शिकली होती. आता गावात कोणाकोणाकडे तिला बोलवतात. आमच्या घरी तिलाच बोलवतील असं तिला वाटलं असणार, आणि आईने तर स्वतः म्हणायचं ठरवलं. तेव्हापासून दोघींचं बोलणं जेवढ्यास तेवढं. म्हणजे वहिनीने मुद्दामच खराब कॉपी दिली असेल तर? बरोबर नावांपाशीच कशी अडकते?

मी तशीच तिच्या घरी गेले. “वैनी, तुझ्या फोनवर लाव ना जरा.” तिने लावला, भांडी विसळता विसळता. सगळा चालला. अकराच्या अकरा नावं. माझी खात्रीच पटली. मी तिच्याच फोनवरून केबल लावून पुन्हा कॉपी घेतली, तिच्या डोळ्यांसमोर. घरी आणली. संध्याकाळी... सहा बेचाळीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या दारात उभी राहून बोलले ते आठवलं की अजून लाज वाटते. “वैनी, तुला आमच्याकडे बोलवलं नाही म्हणून तू फाइलमध्ये काहीतरी केलंस ना?”

तिने पाण्याची कळशी खाली ठेवली.

“मना फाइल म्हंजे काय ता पन नाय समजत, दर्शू. आत्यांचे पाय चेपता चेपता मी ता रेकॉर्ड केलंय. शिकलीस म्हनून माझ्यावर आळ घालतीस? कॉलेजान हेच शिकवतान काय?”

मी तशीच परत आले. राग होताच, पण आतून एक शंका पण होती – लॅबमध्ये कसा चालला? सलीमभाईंकडे कसा चालला? आमचे सर नेहमी सांगतात, आधी नोंद, मग निदान. मधले आठ-दहा दिवस परीक्षेत गेले, तेव्हा व्हिडिओ लावलाच नाही; मग सुट्टी लागली. सोमवारपासून मी ठरवलं, सकाळपासून दर अर्ध्या तासाने व्हिडिओ लावायचा. चालला की टिक, अडकला की फुली.

मधेच तो नीट चालायचा, पण तेव्हा आई बाजारात. मी आवाज वेगळा काढून रेकॉर्ड करून ठेवला, तरी संध्याकाळी तोही तिथेच थांबायचा. चार दिवसांत वही फुल्यांनी भरली. रोज सकाळी साधारण दोन तास अडकायचा आणि संध्याकाळी दोन तास. सोमवारी त्या दोन तासांची मधली वेळ पावणेसात. मंगळवारी साडेसात. बुधवारी सव्वाआठ. गुरुवारी नऊ. रोज पाऊण तास पुढे. मी फोनमधल्या अपडेटच्या वेळा तपासल्या, बॅकअपच्या तपासल्या. पाऊण तास पुढे सरकणारं काहीच सापडेना.

गुरुवारी दुपारी बाबा ओट्यावर जाळं शिवत बसले होते. मी कंटाळून वही त्यांच्या शेजारी टाकली. “बाबा, तुम्हीच बघा. मला तर काही कळत नाही.” खरं तर चिडून म्हणाले होते. बाबा चौथीपर्यंत शिकलेत, आकडे वाचता येतात.

त्यांनी एक एक वेळ बोटाने बघितली. मग सुई जाळ्यात खोचून ठेवली.

“ये कोनी लिवलं?”

“मीच. का?”

“नवमी पावनेसात. दशमी साडेसात. एकादशी सव्वाआठ. आज बारस, नऊ.” ते बोटांची पेरं मोजत होते, जसे खाडीत जायच्या आधी रोज मोजतात. “दर्शू, ही तर भरती हाय.”

मला वाटलं ते चेष्टा करतायत. पण बाबा चेष्टा करत नव्हते. पाणी जेव्हा पूर्ण भरतं, नेमक्या त्या वेळा माझ्या वहीत होत्या. तिथी मी कुठेच लिहिली नव्हती.

“पण भरतीचा आणि व्हिडिओचा काय संबंध?”

बाबांनी मांडीवरचं जाळं बाजूला सारलं. मग म्हणाले, “भरतीला तुझी आत्या घरान कवा व्हती?”

इथे एक सांगायला हवं. आत्याचे मालक, म्हणजे आमचे आतोबा, माझ्या जन्माआधी एका भरतीला होडी घेऊन गेले. होडी मिळाली, ते मिळाले नाहीत. तेव्हापासून आत्या भरती आली की हातातलं काम टाकून बंदरावर जाऊन उभी राहायची. पाणी उतरायला लागलं की परत. चुलीवर भाकरी असो की घरात पाहुणे असोत. मी लहानपणापासून बघितलंय, आम्हाला त्यात काही वेगळं वाटायचंच नाही. आत्या ‘बंदरावर गेलीय’, बस.

आता तुम्ही म्हणाल, बाबांनी काहीतरी जुळवून घेतलं. मलाही तसंच वाटलं. मी विचारलं, “मग उद्या किती वाजता?” ते म्हणाले, “उद्या तेरस, पावनेदहा. परवा साडेदहा.”

शुक्रवारी पावणेदहाला अडकला. शनिवारी मी हिंमत करून वहिनीकडे गेले. आधी माफी मागितली. तिने पाट दिला. साडेदहाला आम्ही तिचा फोन आणि माझा फोन शेजारी शेजारी ठेवून लावले. दोन्ही एकाच वेळी थांबले. दोन्हीवर आत्याचं तोंड किंचित उघडं, आणि नजर... त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, ती बसलीय तो ओटा खाडीच्या बाजूला आहे, आणि ती बघतेय ती खाडीकडेच.

वहिनीने पदर तोंडाला लावला. “मी दोनतीनदाच बघितलाय गं, दुपारी काम उरकल्यावर. भरतीला कंदी लावलाच नाय.”

बाकी सगळं सोपं होतं. ओहोटीच्या वेळी वहिनी आमच्याकडे यायची आणि दोघी मिळून ऐकायच्या. आई चुकली की वहिनी सांगायची, “मामी, तिसऱ्या नावाला वर नको जाऊ, आत्या खाली यायच्या.” दोघींचं परत जमलं, त्यातच मला बरं वाटत होतं. एकदा आईने सहज विचारलं, “तुमच्या घरच्या धवल्यान मामांचं, तुझ्या सासऱ्यांचं, नाव कसं बोलतीस गं?”

वहिनी म्हणाली, “बोलतच नाय. आत्यांनी कंदी बोलूच दिलं नाय. गेलेल्यांच्यान त्यांचं नाव कसं घ्यायचं, ते येनार हाईत, असं म्हनायच्या.”

आईने तेव्हा पुढचं नाव म्हणायला घेतलं. पण हळदीच्या आदल्या दिवशी तिने वहिनीला विचारलं, “तुझ्या सासू-सासऱ्यांची, दोघांची नावं आमच्या मांडवान घेतली तर चालंल तुना?” वहिनी रडली आणि हो म्हणाली. मी खरं तर नको म्हणत होते. अकराची तेरा कशाला? उगाच काही झालं तर?

हळदीच्या दिवशी भरती साडेचारची होती. हळद पाचला ठरलेली, बाबांनी ती सातवर नेली. ताईच्या मैत्रिणी चिडल्या, डीजेवाला चिडला. “काका, लाइटिंग लावून बसलोय दोन तास!” बाबा म्हणाले, “पानी उतरू दे.” कोणाला काही कळलं नाही.

सातला आईने धवला म्हटला. अकरा नावं बरोबर क्रमाने. मग एक श्वास घेतला आणि आत्याचं नाव घेतलं. मग आतोबांचं. मांडवातल्या म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. वहिनीने आईच्या आवाजात आवाज मिसळला. एवढंच. ना वारा सुटला, ना दिवे गेले. ताईला हळद लागली.

लग्न झालं. सोमवारी अष्टमी होती, भरती सहाची. संध्याकाळी बाबा आंघोळ करून ओट्यावर आले आणि म्हणाले, “लाव बरं ता.”

मी लावला. फोन तोच, फाइल तीच, साइज तीच, मधल्या काळात एकही अपडेट नाही – मी तपासलंय. सहा चाळीस... सहा एक्केचाळीस... सहा बेचाळीसला आत्याने पाचवं नाव घेतलं. मग सहावं. अकराही झाली. शेवटी ती कॅमेऱ्याकडे बघून हसते आणि “झाला गो” म्हणते, ते मी भरतीच्या वेळी पहिल्यांदा ऐकलं.

त्यानंतर मी तिथीप्रमाणे सोळा दिवस तपासलं. एकदाही अडकला नाही. फाइल आमच्या सरांनाही दाखवली. ते म्हणाले काही बिघाड दिसत नाही, आणि पूर्वी होता असंही दिसत नाही. माझ्याकडे फक्त फुल्यांची वही आहे. तुमच्यापैकी कोणाला तांत्रिक कारण माहीत असेल तर मला खरंच ऐकायचंय, कारण मला अजूनही ते सापडलेलं नाही.

बाबांनी मात्र कारण विचारलं नाही. त्या सोमवारी व्हिडिओ संपल्यावर ते खाडीच्या बाजूला बघत जरा वेळ बसले. मग सुई उचलून जाळं शिवायला घेतलं, आणि जसं कोणी शेजारी परतल्याचं सांगावं तसं म्हणाले, “म्हंजे आला वाटतं तिचा तो.”