बॉनेटच्या दोन क्लिपा

बॉनेट उठलं आणि समोरच्या काचेवर येऊन आदळलं. बंगळूरच्या रिंगरोडवर, मारतहळ्ळीच्या अलीकडे. गाडी जोरात होती. काच फुटली पण खाली पडली नाही, नुसती जाळी झाली. पुढचं काही दिसेना. "आई, वाक!" म्हणून मुलगा ओरडला आणि त्यानं ब्रेक दाबला. मी वाकले नाही. फुटलेल्या काचेला शेवंतीची फुलं चिकटली होती, त्यांच्याकडे बघत बसले. ती माळ मी बांधली होती. गाडी थांबायच्या आधीच मला कळलं की हे माझ्या हातून झालं आहे.

ते बॉनेट मुलानं हौसेनं आणलं होतं. कंपनीचं लोखंडी काढून कार्बन फायबरचं, काळं कुळकुळीत. मी एका हातानं उचलून बघितलं.

"पापडासारखं आहे रे हे."

"हलकं असतं आई. गाडी पळते चांगली."

"रोज सिग्नलला उभा असतोस तू. पळणार कुठं?"

तो हसला. बसवायला त्यानं माझ्या बहिणीच्या मुलाला बोलावलं. हा माझा भाचा मुलापेक्षा मोठा, यशवंतपूरला त्याची गाड्यांची शेड आहे. मुलगा त्याला अण्णा म्हणतो. मुलाच्या ऑफिसातले मित्रही गाड्या त्याच्याकडेच देत.

भाचा रविवारी शिवाजीनगरला आमच्या दारात आला. जुनं कुलूप या हलक्या बॉनेटला नको, म्हणून पिना बसवायच्या ठरल्या. पिन म्हणजे बोटाएवढी उभी सळई, टोकाजवळ आरपार भोक. पुढच्या पट्टीवर अशा दोन सळया उभ्या करायच्या, बॉनेटला भोकं पाडून त्यांची टोकं वर काढायची आणि टोकाच्या भोकात एकेक क्लिप अडकवायची. काम एवढंच. पण बॉनेटला भोक नेमकं कुठं पाडायचं, यावर तो बराच वेळ अडला.

"केसाएवढं चुकलं तरी बॉनेट वाया गेलं, मावशी. हे वेल्डिंग करून बुजवता येत नाही."

मी आत जाऊन कुंकू कालवून आणलं आणि दोन्ही सळयांच्या टोकांना लावलं. म्हटलं, आता टेकव वरून. त्यानं बॉनेट हळूच टेकवलं, उचललं. आतल्या बाजूला दोन लाल ठिपके उमटले होते.

"मावशी, उद्यापासून शेडला ये तू," तो म्हणाला.

त्यानं तिथं कागदी टेप लावली, खालून लाकडाचा तुकडा मला धरायला सांगितला, आधी बारीक भोक पाडलं, मग मोठं. काळी धूळ उडत होती, म्हणून दोघांनी नाकाला ओलं फडकं बांधलं. भोकांच्या कडांना त्यानं लाख लावल्यासारखं काहीतरी फासलं. चांगलं काम केलं. क्लिपांना तार लावून त्या बॉनेटला बांधायच्या होत्या, पण मुलगा आडवा आला. तारेनं ओरखडे पडतील म्हणे.

"स्वल्प ओरखडा पडला तर मरतोस काय तू?"

"नको म्हणजे नको, अण्णा."

"सरी, बरं." मग भाचा माझ्याकडे वळला. "मावशी, आता या दोन क्लिपा म्हणजेच कुलूप. जुनं मी काढलंय. हा विसरेल, तू बघ."

मला सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. ऐकू कमी येतं, हे नंतर कुणाला सांगायची सोय माझ्याकडे नाही.

खंडेनवमीला, इथं आयुधपूजा म्हणतात, आमच्या घरी सगळं लोखंड पाटावर मांडतात. विळी, कात्री, माझे मालक सुतार होते त्यांचा रंधा आणि करवत. एकदा पाटावर ठेवलं की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. त्या दिवशी भाजीसुद्धा चिरत नाही आम्ही.

गाडी धुऊन दारात उभी होती. मला माळ पुढून आडवी बांधायची होती. काळं बॉनेट गुळगुळीत, माळ घसरून पडत होती. सळयांची भोकं बांधायला बरी होती, पण त्यांत क्लिपा होत्या. मी दोन्ही क्लिपा काढल्या, दोरा भोकांतून ओवला आणि घट्ट गाठी मारल्या. क्लिपा हातात चकचकत होत्या. वाटलं, हेही लोखंडच, यांचीही पूजा होऊ दे. पाटावर विळीशेजारी ठेवल्या, कुंकू लावलं. मग उद्यापर्यंत त्यांना हात लावायचा नव्हता. मुलानं फुलं बघितली, हात जोडले. फुलांखाली काय आहे हे त्याला दिसायचं कारण नव्हतं.

दसऱ्याला सकाळी तो म्हणाला, चल, फिरवून आणतो. मी घाईनं अक्षता टाकल्या, पाट हलवला, नारळासाठी विळी तेवढी उचलली आणि गाडीत जाऊन बसले. शिवाजीनगरच्या गर्दीत दोरा टिकला. रिंगरोडला तुटला.

संध्याकाळी भाचा आला. गाडी ओढून दारात आणून ठेवली होती. मुलाच्या कपाळावर टाके होते. भाच्याला बघताच तो ओरडला.

"भोकं वाकडी पाडलीस तू! आई होती गाडीत. माझ्या एकाही मित्राची गाडी आता तुझ्याकडे येणार नाही."

मुलगा त्याला अण्णा म्हणाला नाही. भाचा वाकून सळया बघत होता. एका सळईच्या भोकात दोऱ्याचा तुकडा अडकला होता, गाठीसकट. तो त्यानं ओढून काढला, माझ्याकडे बघितलं आणि दोरा खिशात ठेवला.

"माझं चुकलं असेल," म्हणाला.

मी म्हटलं, "पाणी आणते." आत गेले. पाटावर क्लिपा तशाच होत्या. पाणी दिलं त्याला. तो प्यायला आणि गेला. क्लिपा मी तांदळाच्या डब्यात खाली दडपल्या.

मुलानं मित्रांना फोन केले, माझ्यासमोर. मी तांदूळ निवडत ऐकत होते. असे अकरा दिवस गेले. का गप्प बसले ते सांगते. मुलगा म्हणेल, आईचं आता डोकं चालत नाही. मग गॅसजवळ जाऊ देणार नाही, एकटीला बाजारात सोडणार नाही. त्याची भीती वाटली. भाच्याचं काय होईल ते मला दिसत होतं, तरी मी माझंच बघितलं.

बाराव्या दिवशी मुलगा चहा पिताना फोनवर कुणाला तरी सांगत होता, त्या शेडला गाडी देऊ नको, जिवावर बेतेल. मी डबा उपसला आणि क्लिपा त्याच्या बशीत ठेवल्या.

"भोकं सरळ होती. या मी काढल्या होत्या, माळेसाठी."

त्यानं फोन बंद केला. "आणि इतके दिवस बोलली नाहीस?"

"नाही. ओरडायचं तर ओरड. आधी त्याला फोन लाव."

त्यानं लावला, मलाही ऐकू येईल असा. सगळं सांगितलं.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," भाचा म्हणाला. "दोरा आहे माझ्याकडे."

"मग बोलला का नाहीस, अण्णा?"

"मावशीनं बोलायचं होतं."

मुलानं परत सगळ्यांना फोन केले. त्या मित्रांपैकी दोघं भाच्याकडे परत गेले. बाकीच्यांनी तोवर दुसरीकडे गाड्या टाकल्या होत्या, ते गेले ते गेलेच.

नवं बॉनेटही भाच्यानंच बसवलं. या वेळी जुनं कुलूपही परत बसवलं, आणि कुणाला न विचारता क्लिपांना तार लावली. मी कुंकवाची वाटी घेऊन दारात उभी होते. त्यानं खिशातून खडू काढला आणि सळयांच्या टोकांना तो घासला. मी वाटी आत नेऊन ठेवली.

दसऱ्याला बॉनेट उडालं त्या दिवशी गाडीत मुलगा होता आणि मी होते. दोघंही जगलो.