पऱ्हाट्यांची गंजी

पौषातल्या एका दुपारी धुळ्याच्या कचेरीत तार आली. जळगावची माझी थोरली बहीण, अक्का, न्यूमोनियाने गेली होती. मी पोचलो तेव्हा तिला ओसरीवर आणून ठेवलं होतं आणि अंगणात तीन दगडांवर तिच्या शेवटच्या अंघोळीचा हंडा चढला होता. हाताला काहीतरी काम मिळावं असं मला झालं होतं. शेजारच्या तुळसाबाईंनी जळण मागितलं आणि मी परसातल्या गंजीतून कवळ्यामागून कवळा आणून देऊ लागलो... कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या, भराभर पेटणाऱ्या. ती गंजी थंडीत हलवायची नाही, हे जमलेल्यांपैकी एकट्या मलाच ठाऊक होतं.

साक्रीकडचं खेडं सोडून अक्का स्वातंत्र्यानंतरच्या वर्षी इथे आली, मेव्हण्यांना कापसाच्या जिनात काम लागलं म्हणून. पहिल्याच थंडीत सरपण काढताना तिला तळाशी एक काटेरी गोळा सापडला, गार आणि ताठ. पुस्तकात त्याला जाहक म्हणतात; अक्काच्या लेखी तो काट्यांचा उंदीर. मेलेला समजून तिनं तो निंबाखाली पुरला, वर चिमूटभर हळद वाहिली. पुढच्या थंडीत तसाच दुसरा सापडला. मला दाखवायला म्हणून तिनं तो सुपात घालून चुलीजवळ ठेवला. दुपारच्या चहापर्यंत गोळ्यातून एक ओलसर नाक बाहेर आलं. मी हसलो. अक्का दारातून निंबाखालच्या जागेकडे बघू लागली.

"मी जित्ता जीव पुरी टाका रे भाऊ," ती म्हणाली.

तो दुसराही आठवड्यात मेला. थंडीभर न खाता निजून राहणारा तो जीव; अवेळी जाग आली, तर खायला किडा कुठून मिळणार? मग मात्र अक्कानं नेमच केला. दसऱ्यानंतर गंजीला हात लावायचा नाही, होळीपर्यंत गोवऱ्या विकत आणायच्या. मेव्हणे वैतागत, मी चेष्टा करी, की तुझे भाडेकरू भाडं कधी देणार? ती मनावर घेत नसे. दिवाळीच्या सुमारास दिवेलागणीला ती मागच्या पायरीवर बसे. नगरपालिकेच्या दिव्याखाली पडलेले भुंगेरे खायला हे काट्यांचे उंदीर गटारीच्या कडेनं चालत येत. थंडीआधी अंगात चरबी साठवायची त्यांची घाई. एकेक वर्षी ते कमी होत गेले. मोकळ्या जागांवर घरं उठली, काटेरी कुंपणं जाऊन भिंती आल्या, परसांत फरशा बसल्या. मेव्हणे गेल्यावर तर अख्ख्या गल्लीत अक्काचीच गंजी तेवढी उरली. "यास्नी कोठे जावं?" ती विचारी.

शेवटच्या कवळ्यातून एक गोळा माझ्या पायाशी पडला, तेव्हा मी भानावर आलो. तोवर पाणी उकळलं होतं. आधीच्या कवळ्यांतून काय काय आगीत गेलं ते मी पाहिलं नाही, आणि विस्तव उकरून पाहायची माझी हिंमत झाली नाही. त्याच पाण्यानं अक्काला अंघोळ घातली. तुळसाबाईंनाही तो मेलेलाच वाटला; गोळ्याकडे बघून म्हणाल्या, "मरेल शे, फेकी द्या." मी तो उचलून आत नेला.

याला आता पाच आठवडे होतील. घर आवरायला म्हणून रजा काढून राहिलो आहे, पण आवरलं काहीच नाही. अक्काच्या खोलीत कोपऱ्यात तेच सूप आहे, त्यात कापूस आणि कापसात तो गोळा. चुलीजवळ ठेवला असता तर एका दिवसात कळलं असतं. पण जागा झाला तर उपाशी मरेल, म्हणून ठेवला नाही. पुरला नाही, कारण जिवंत असला तर? रोज सकाळी मी काट्यांवर बोट टेकवायचो. गार, ताठ, कालच्यासारखाच.

परवापासून खोलीत वास येतो आहे. मी खिडकी उघडली, आणि सूप होतं तिथेच राहू दिलं.