खुर्चीमागचा चहा

खळ घातलेल्या पांढऱ्या कापडावर गरम चहाची वाफ उतरली की एक वास उठतो. थोडा भाताच्या पेजेचा, थोडा इस्त्रीखाली तापलेल्या उन्हाचा. हा वास मी पुण्यातल्या यच्चयावत उंची हॉटेलांत घेतलेला आहे. डोळे बांधून कुठेही नेऊन बसवलंत तरी नुसत्या वासावरून मी सांगेन की हे कोरेगाव पार्क, ही कॅम्पातली जुनी बंगली, आणि हा खराडीतला काचेचा मनोरा, जिथे किटली वर पोहोचेपर्यंत खाली ऋतू बदललेला असतो. यात अतिशयोक्ती असलीच तर ती कपातली. बशीत सांडलेली धरू नये.

शनिवार पेठेत दुपारी एक ते चार जागं असणं म्हणजे चारित्र्यावर डाग. निवृत्तीनंतर सुमन आणि मी तो डाग महिन्यातून एकदा मोठ्या हौसेने लावून घेत असू. आम्ही दोघींनी एकाच शाळेत शिकवलं, तिने गणित आणि मी मराठी. मेहरुन्निसा नावाच्या बाई मराठी शिकवणार म्हटल्यावर पहिल्या तासाला मुलं माझं व्याकरण तपासायला बसत, आणि शेवटच्या तासाला स्वतःचं शोधत फिरत. आम्ही निघालो की सुमनचे यजमान वर्तमानपत्राआडून म्हणत, "ज्या चहासाठी साडी बदलावी लागते तो चहा नव्हे, मुंज." आणि पान उलटत.

तसं पाहिलं तर ती मुंजच असे. हॉटेलवाले दर महिन्याला त्या चहाला नवं सोंग देत. चैत्रात गुलाबांचा चहा: खुर्च्यांना गुलाबी फिती, गुलाबी सँडविचं, आणि हवेत गुलाबपाण्याचा इतका दाट तवंग की श्वास गाळून घ्यावा लागे. त्या दिवशी मी केक समजून गुलाबी रुमालच खाल्ला, असं मी सगळ्यांना सांगते. आषाढात मेघांचा चहा, सगळं पांढरं आणि फुसफुशीत. काचेबाहेर खरा ढग येऊन टेकला तेव्हा त्यालाही कुणीतरी साखर विचारली. मग मुघलाई चहा निघाला. शेरवानी घातलेला, केवड्याने घमघमणारा वेटर तबक घेऊन वाकला तशी सुमन माझ्या कानाशी लागली, "ऊठ गं, तुझे मामा आले." पुढच्याच महिन्यात पेशवाई चहा. पगडी सावरत एक कोवळा मुलगा बाकरवड्यांचा मनोरा घेऊन आला आणि मी उट्टं काढलं, "तुझे काका किती वाळलेत बघ. घरी जेवायला घालत नाहीस का?"

पण खरा खेळ वेगळाच होता. प्रत्येक चहाला शेजारच्या टेबलाला एक थाप मारायची, असा आमचा अलिखित नेम. थाप माझी, साक्ष सुमनची. मी सहज सांगायला लागे, की माझे पणजोबा अत्तर विकत आणि त्यांच्या हातून लकडी पुलावर मोगऱ्याची कुपी फुटली, तेव्हा तीन दिवस पुण्यातली एकही मधमाशी फुलावर बसली नाही, सगळ्या त्या पुलावर. शेजारच्या टेबलाच्या भुवया वर चढत. तेवढ्यात सुमन अगदी शांतपणे कप खाली ठेवी आणि म्हणे, "तीन नाही. चार." झालं. भुवया उतरत, लोक पुढे सरकत, मधमाश्या त्यांना दिसू लागत. गणिताच्या बाईंनी दुरुस्त केलेलं खोटं खऱ्याहून टणक असतं. माझ्या थापेत ती नेहमी एक मिळवी, आणि त्या एकावर माझा डोलारा उभा राही. अशी मैत्रीण लाभावी म्हणून लोक उपास करतात. मला ती शिक्षकांच्या खोलीत, डब्यातल्या लोणच्यावरून भांडताना लाभली.

एका मार्गशीर्षातल्या दुपारी मात्र मी खेळ मोडला. कोरेगाव पार्कातली बाग होती, पानं गळालेला चाफा आपली बोटं उघडी टाकून उभा होता, आणि ऊन इतकं विरळ की त्यातून पलीकडचं दिसावं. मी टेबलावरच्या कापडाची कड नकळत उलटून पाहिली आणि सांगू लागले.

माझी अम्मी कशिदा काढायची. पांढऱ्यावर पांढरा. कॅम्पातल्या बंगल्यांमधल्या बाईसाहेबांच्या चहाची टेबलं तिच्या सुईने सजत. द्राक्षांचे घोस, जुईच्या वेली, आणि कापड उलटं धरलं तरी सुलटंच वाटावं असं काम. ते पोचवायला ती मागच्या दाराने जाई आणि मागच्याच दाराने परत येई. त्या टेबलांशी ती कधी बसली नाही. बसायचा प्रश्नच कुणाला पडला नाही, तिलाही नाही. तिच्या शेवटच्या वर्षी, बरंच काही विसरून झाल्यावर, मी तिला हट्टाने अशाच एका हॉटेलात चहाला नेलं. तिने आधी कापड उलटून पाहिलं, "मशीन का है" म्हणाली, आणि खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. वेटरने तीनदा खुर्ची ओढून दिली. ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभीच. मला म्हणाली, "उठ बेटा, बाई लोगां आते अब्बी." शेवटी मीही उठले. आम्ही मायलेकींनी तो चहा उभ्यानेच प्यायला, भरल्या हॉलमध्ये, आपापल्या खुर्चीच्या मागे.

सुमनने कप खाली ठेवला नाही. आकडाही दुरुस्त केला नाही. माझ्या मनगटावर तळवा ठेवून ती कितीतरी वेळ बसून राहिली, दोघींच्या चहावर साय धरेपर्यंत. आयुष्यभर मी लोकांना जे पटवलं त्यातलं काहीच घडलं नव्हतं. आणि जे घडलं होतं ते पटवावंच लागलं नाही, याचा मला त्या दिवशी केवढा विसावा वाटला.

यंदा माघात "जुन्या पुण्याची चहावेळ" निघाली, कॅम्पातल्या त्या बंगलीत. सुमन म्हणाली, "मला लोणी काळभोरला भाचीकडे जायचंय. ही एक वेळ सोड ना, पुढच्या महिन्यात जाऊ." मी हो म्हटलं, आणि साडी बदलून एकटीच गेले, पुण्याला जुनं पुणं दाखवणार म्हणजे नक्की काय, हे पाहिल्याशिवाय मला जेवण गेलं नसतं. उशिरा पोचल्याने खांबाआडचं टेबल मिळालं. पितळी दिव्यांचा पिवळा उजेड, वाळ्याच्या पडद्यांचा ओलसर गंध, गोकर्णीच्या वेण्या. आणि पलीकडे छोट्या चौथऱ्यावर, आपल्या मोतिया रेशमी साडीत, आजच्या खास कथाकार म्हणून सुमन.

ती माझ्या पणजोबांची कुपी फोडत होती. पणजोबा तिचे झाले होते, अत्तरवाल्याचे वैद्य झाले होते, पण मधमाश्या माझ्याच होत्या, आणि दिवस चार. लोक हसत होते. खरं सांगते, मलाही हसू आलं. थापेला मालक नसतो. ती कुणाच्याही अंगणात चरते. लोणी काळभोरचा हिशेब नंतर करू म्हणून मी पुढचा स्कोन, तो विलायती गोड पाव, उचलला. एकामागून एक ती माझं सगळं भांडार रितं करत गेली, माझ्याच लकबीने, माझ्याच जागी थांबून, आणि टाळ्यांनी तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका तरुण होत गेला.

मग ती म्हणाली, "आणि एक होत्या कशिदेवाल्या बाई."

मी स्कोन खाली ठेवला.

"जन्मभर चहाच्या टेबलांची कापडं भरली, पण टेबलाशी बसायचं असतं हेच ठाऊक नाही. हॉटेलात नेलं तर खुर्चीमागे उभ्या. वेटर बिचारा खुर्ची ओढतोय. एकदा नाही, दोनदा नाही…" ती थांबली. मी जिथे थांबले असते तिथेच. "चार वेळा."

हॉल हसला. कपबश्या किणकिणल्या, कुणाला ठसका लागला. अम्मीला तिने बाकीच्या थापांत मिळवून टाकलं होतं, एक वाढवून.

माझ्या टेबलाशी खराडीच्या कुठल्याशा ऑफिसातली एक मुलगी होती, डोळे पुसत माझ्याकडे वळली. "काकू, किती फनी ना? पण हे रिअल असेल का?"

"छे," मी म्हटलं. "अशी कुणी बाई नव्हती."

लोक उठू लागले तेव्हा सुमनला मी दिसले. ती टेबलापाशी आली, साडीचा पदर उगीच सारखा करत.

"तू येणार नव्हतीस."

"तू लोणी काळभोरला होतीस."

"अगं, त्यांना अजून एक हवी होती. लोक हसत होते गं, मेहेर. मला थांबताच येईना. आणि मी नाव नाही घेतलं."

"हो," मी म्हटलं. "नाव तेवढं ठेवलंस. उपकार झाले."

बाहेर माघातलं ऊन कलत होतं, रस्त्यावरच्या पिंपळाची कोवळी तांबडी पानं त्यात काचेसारखी दिसत होती, आणि मी रिक्षा न करता नदीपर्यंत चालत आले. सुमनवरचा राग सरळ होता. त्याला वाट माहीत होती. पण त्या मुलीला दिलेलं माझं उत्तर पायात पायात येत राहिलं. अम्मीला त्या हसण्यातून सोडवायला मला तिला नाहीशी करण्यापलीकडे काही सुचलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात सुनेला मी ती हकिकत पहिल्यांदा सांगितली. खुर्ची, कापड, उभ्याने घेतलेला चहा, सगळं. तिने मन लावून ऐकलं, ओठांच्या कोपऱ्यात हसू तयार ठेवून, आणि मायेने विचारलं, "अम्मी, यातलं किती खरं?" मी "सगळं" म्हटलं. तिने मान हलवली, घरातल्या गप्पिष्ट म्हातारीपुढे हलवतात तशी.

ते खरं होतं असं, तिथे नसूनही, छातीवर हात ठेवून सांगू शकेल असं एकच माणूस आता उरलं आहे, आणि ते दोन गल्ल्या पलीकडे राहतं. दुपारी पेठ निजली की मी गच्चीत येते. सुमनच्या खिडकीचा पडदा ओढलेला असतो. त्याच्यामागे ती झोपलेली असते की जागी, हे पूर्वी मला इथून ओळखता येत असे.