कवायतबाईंचा गोल

कवायतबाई कुणाशीही बोलायच्या त्या हात धरून. माणूस ओळखीचा असो वा नसो, त्यांची बोटं समोरच्याच्या मनगटावर पडायचीच. एसटीत कंडक्टरच्या, पोस्टात खिडकीतून कारकुनाच्या, तहसीलमध्ये तर एकदा खुद्द साहेबांच्या. बीडमध्ये हे वाटतं तेवढं सोपं नाही. इथं काही दुकानांत आमच्या हातावर वस्तू अजूनही वरून सोडली जाते. बाईंना हे ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं म्हणूनच त्या धरायच्या. एका किराणावाल्यानं साखरेची पुडी अशीच वरून सोडली, तेव्हा बाईंनी ती खुशाल खाली पडू दिली आणि त्याचा मोकळा हात पकडून विचारलं, "मालक, तब्येत बरी हाय ना? हात लई थरथरतो तुमचा." पुढं तो माणूस बाई दिसल्या की आपणहून हात पुढं करायचा.

त्या मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या म्हणून कवायतबाई. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. आमच्या वस्तीत विहारामागच्या गल्लीत दोन खोल्यांत एकट्याच राहायच्या. नवरा फार लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. वस्तीतली पगाराची नोकरी करणारी पहिली बाई म्हणून सगळे त्यांना मान द्यायचे. त्या मानाचा त्यांना कंटाळा होता. "मला पाया पडू नका, पाय हलवा," म्हणायच्या.

सलग तिसरा पावसाळा कोरडा गेला होता. टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा, आणि यायचा म्हणजे येणार असं कळायचं. नेमका कधी ते ड्रायव्हरलाही माहीत नसायचं. बायका चार-चार तास घागरी मांडून उभ्या. उन्हात डोकी तापायची, मग रांगेत भांडणं पेटायची. बाई आल्या की शिट्टी वाजवायच्या. "उभं राहून पाय मरतेत गं. चला, जागच्या जागी." सुरुवातीला बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मग एक हलली, दोन हलल्या. टँकर येईपर्यंत घागरींच्या मागं पन्नास बायका संथ पावलं टाकत असायच्या. त्या रांगेत एकदाही कुणाच्या झिंज्या ओढल्या गेल्या नाहीत.

मी मात्र पत्रकांवर वाढलेला. माझे वडील सायकलच्या हँडलला पिशवी लावून पत्रकं वाटायचे आणि मी अक्षरं शिकलो ती त्याच कागदांवर. 'जाहीर निषेध' हे शब्द मला बाराखडीच्या आधी वाचता यायचे. आजोबा चौसाळ्याकडचे. गावच्या मिरवणुकीपुढं डफडं वाजवायचं आणि नाचायचं, हे त्यांच्या वाट्याला आलेलं काम. बदल्यात शिळी भाकर. धर्मांतर केलं त्या वर्षी त्यांनी डफडं फोडलं आणि चुलीत घातलं. आमच्या घरात ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जायची. दुसऱ्याच्या मिरवणुकीपुढं आपण नाचायचं नाही, हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

त्या वर्षी शहरातल्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन नृत्योत्सव जाहीर केला. अख्खं बीड नाचणार. एका संध्याकाळी प्रत्येक गल्लीनं आपला गट घेऊन मोठ्या चौकात यायचं, गोल करायचा आणि तासभर नाचायचं. येत असो वा नसो, म्हातारा असो वा पोर. दुष्काळानं लोकांची मनं खचलीत, त्यांना उभारी द्यायची, असं अध्यक्ष म्हणाले. अध्यक्ष म्हणजे दूध संघ, बँक आणि साखर कारखाना या तिन्ही ठिकाणी ज्यांचा फोटो होता ते. ज्यांच्या उसाला पाणी पोचत होतं आणि आमच्या घागरींना पोचत नव्हतं, ते आम्हाला उभारी देणार होते. माझं डोकं भणाणलं.

बाईंचं वेगळंच भणाणलं होतं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "अरे, दूध संघात कुणाच्या बी म्हशीचं दूध एकाच टाकीत ओततेत. तिथं कुणी इचारतं का, ह्ये कोणत्या गल्लीचं? मंग हात कावून न्हाई धरायचे एकाच गोलात?"

मी म्हणालो, "बाई, ते आपल्याला नाचवणार आणि फोटो काढणार."

"काढू दे की. फोटोत हात दिसतेत ना धरलेले?"

"आपण नाचणं सोडलंय."

यावर त्यांनी हात सोडला. "कुणी सोडलं? जयंतीला बाप्ये म्होरं नाचतेत, आमी पांढऱ्या साड्या नेसून मागनं चालतो. आमी धरलंच कवा तं सोडू?"

 मी ते मनावर घेतलं नाही, इतकंच.

बिंदुसरा नदी आटून दगडगोट्यांची झाली होती. त्या कोरड्या पात्रात बाईंनी एक पट्टा गोटे वेचून साफ केला आणि रोज संध्याकाळी सराव सुरू केला. शाळेच्या अडगळीतल्या गंजलेल्या लेझीमा आणल्या, रॉकेलनं पुसल्या. एकवीस बायका यायच्या. धुणीभांडी करणाऱ्या, वीटभट्टीवरच्या, दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या. त्यांत शांतामावशी सगळ्यांत थोराड आणि सगळ्यांत जास्त चुकणारी. तिचा पाय हमखास उलटा पडायचा.

"बाई, मला न्हाई जमायचं. माझी हाडं कोयत्याची हायेत."

"कोयत्याला पण ताल असतो, शांते. न्हाईतर हात तुटला असता तुझा."

"तुमी पण काय बाई! नवऱ्याला कळलं तं म्हनंल, म्हातारपणी चळली."

"त्याला पण आण. दोघं मिळून चळा."

सगळ्या बायका गोट्यांवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मी पुलावरून बघत असायचो. मला वाटायचं, या भोळ्या बाईला फसवतायत.

आणि मग माझ्या हातात उत्सवाची छापील कार्यक्रमपत्रिका पडली. बँक, संघ, कारखाना, पेठा, मोहल्ले, सगळ्यांच्या नावापुढं 'नृत्यगट' असं होतं. आमच्या वस्तीपुढं छापलं होतं : 'हलगी पथक, चौकाच्या कडेला.' मी ती ओळ तीनदा वाचली. त्या रात्री जेवलो नाही. एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा दिला, 'आम्ही कुणाचे वाजंत्री नाही!' खाली सही केली, 'समस्त वस्ती.' आजही ते पत्रक वाचलं तर त्यातलं एकही वाक्य मला मवाळ करावंसं वाटत नाही. छापण्याआधी बाईंकडं जायला हवं होतं. त्यांचं घर माझ्या घरापासून चौथं. पण गेलो असतो तर त्यांनी हात धरला असता, आणि हात धरल्यावर मला लिहिता आलं नसतं.

उत्सवाला तीन दिवस उरले असताना विहारात बैठक झाली. मी पत्रक उभं राहून वाचलं. टाळ्या पडल्या. बाई मागं, दाराशी बसल्या होत्या. बायकांत त्या एकट्याच. उठून म्हणाल्या, "ती यादी जुनी हाय. मी तीनदा गेलते अध्यक्षांकडं. बदलून घेतलीय. हलगी दूध संघाचे कामगार वाजवणार, आन् आपला गोल चौकाच्या मधोमध."

"कागद कुठं हाय, बाई?" कुणीतरी विचारलं.

"कागद न्हाई. तोंडानं बोललेत."

सभा हसली. खरं सांगायचं तर मीही हसलो. "बाई, त्यांच्या तोंडाचं काय धरता? हे छापलेलं बघा," म्हणून मी पत्रिका उंच धरली. ज्यांच्या एका शब्दावर माझा विश्वास नव्हता, त्यांच्या छापलेल्या ओळीवर मात्र मी ठाम होतो. छापलं की ते पक्कं, हे मी लहानपणापासून धरून बसलो होतो.

बाईंनी पत्रक मागून घेतलं. चष्मा लावून, उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचलं. मग विचारलं, "ह्यात बायकांचं कुठं हाय?"

"बाई, हा समाजाचा प्रश्न हाय," एक कार्यकर्ता म्हणाला.

बाईंना न मोजता ठराव एकमतानं झाला. वस्तीतून कुणीही जाणार नाही. त्या एकवीस बायकांना तो घरोघरी नवऱ्यांनी, दिरांनी, पोरांनी कळवला.

उत्सवाच्या संध्याकाळी मी चौकात गेलो, बहिष्कार यशस्वी झालेला बघायला. गल्ल्यागल्ल्यांतून माणसं येत होती. फळवाले, मेकॅनिक, वकील, शाळेची पोरं, काठी टेकत आलेले म्हातारे. प्रत्येक गटासाठी जमिनीवर चुन्याची फक्की मारून गोल आखलेले, आणि प्रत्येक गोलात फक्कीनंच नाव लिहिलेलं. मी नावं वाचत पुढं सरकलो. कडेला हलग्या गळ्यात अडकवून दूध संघाचे कामगार उभे होते. आणि चौकाच्या मधोमध, सगळ्यांत मोठ्या गोलात, आमच्या वस्तीचं नाव होतं.

तो गोल रिकामा होता. त्याच्या काठावर बाई उभ्या होत्या, पांढरी साडी, पांढरे बूट, हातात लेझीम. त्यांच्याशेजारी शांतामावशी. ती नवऱ्याशी भांडून आली होती. गालावर वळ होता. बाकी कुणी नाही.

बाई वाट बघत होत्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. रस्त्याच्या तोंडाकडं बघत होत्या. मग भोंग्यावरून आवाज आला, "मधल्या गोलातला गट आलेला नाही. शेजारच्या गटांनी जागा भरून घ्यावी." बँकेची माणसं हसत, एकमेकांना ढकलत आत आली. आमच्या वस्तीच्या नावावर पावलं पडायला लागली. हलग्या कडाडल्या. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच फक्की उडून गेली.

शांतामावशी म्हणाली, "बाई, आपुन दोघीच शिरू की आत."

मला वाटलं, बाई शिरतील. पण त्यांनी मान हलवली. "उरलेल्या जागंत न्हाई, शांते." मग त्यांनी वळून पाहिलं. मी समोरच होतो. माझ्या हातात उरलेली पत्रकं होती. 

चार दिवसांनी मी त्यांच्याकडं गेलो. म्हणालो, "बाई, मी दुसरं पत्रक काढतो. चूक झाली असं जाहीर लिहितो."

"लिही. तुझं लिवलेलं खोटं न्हवतं रे. अध्यक्षाची नियत मला बी ठावं हाय. मी काय त्याच्यासाठी गेलते का?" त्या लेझीमा एका पोत्यात भरत होत्या. "पण त्या दिवशी ईस बायकांना घरात कोंडलं. त्या भाइर आल्या व्हत्या, पैल्यांदा. आता पुन्हा कोणत्या तोंडानं बोलवू?"

त्यांनी बोलावलंही. दोन संध्याकाळी त्या नदीच्या पात्रात शिट्टी वाजवत उभ्या राहिल्या. शांतामावशी आली, आणखी एक आली. तिसऱ्या दिवशी बाई गेल्या नाहीत.

मी दुसरं पत्रक काढलं, घरोघर वाटलं. बाप्यांनी वाचलं आणि घडी घालून ठेवलं. बायकांतल्या बऱ्याचजणींना वाचता येत नव्हतं. दिवाळी झाली तशा त्या ट्रकांत बसून कर्नाटकात ऊसतोडीला गेल्या. पुढच्या वर्षी उत्सव भरला नाही. दुष्काळ वाढला, दूध संघाला कुलूप लागलं, अध्यक्षांची उभारी दुसरीकडं गेली.

बाई उत्सवानंतरच्याच हिवाळ्यात निवृत्त झाल्या आणि तेलगावला भाचीकडं राहायला गेल्या. गुडघे गेले होते. मी एकदा भेटायला गेलो, तेव्हा खाटेवर बसून होत्या. माझा हात धरला. बोटं हलकी झाली होती. वस्तीची, टँकरची चौकशी केली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "चहा घे आधी. गार हुतोय." नंतर तो विषय त्यांनी येऊच दिला नाही. माघात भाचीचा निरोप आला, बाई गेल्या. पुण्यानुमोदनाला वस्तीतून आम्ही सात-आठ बाप्येच होतो. बायका फडात होत्या.

मार्च सरताना ट्रक परतले. मी नाक्यावर उभा होतो. शांतामावशी बोचकं घेऊन उतरली, काळवंडलेली, वाळलेली. मला बघून आधी रागानं तोंड फिरवलं. मग स्वतःच जवळ आली.

"मी निघताना बाई म्हनल्या व्हत्या, तेलगावला जाईन म्हनून. आल्या का रे? का अजून तिकडंच?"

सगळं कागदावर मांडायची सवय असलेल्या मला ते तोंडानं सांगावं लागलं.

ती बोचक्यावर खाली बसली.  डोळे पुसले नाहीत, कारण त्यांत पाणी नव्हतं. मग म्हणाली, "तिकडं फडात मी रोज मनात बाईंची एक-दोन-तीन-चार म्हनायची. मोळी उचलताना पावलं टाकायची. समदं ध्यानात राह्यलं, पण चारला डावा पाय का उजवा, तेवढं इसरले. म्हनलं, गेल्यावर बाईंना इचारीन."

तिनं मान वर केली.

"तू पुलावरून रोज बघायचास ना? तुला ठावं असंल. सांग की."

मला ठाऊक नव्हतं.