भोईटेकाकूंच्या कॅरॅव्हॅनचं वजन

"हे बघ शुभदा, एका हाताने उचलतो!" भोईटेकाकांनी कॅरॅव्हॅनचा पुढचा दांडा खरोखर एका हाताने उचलून दाखवला, आणि मी उघडलेलं पेन पुन्हा बंद केलं.

ग्वाल्हेरात, हरिशंकरपुरमच्या गल्लीत ती पांढरीशुभ्र उभी होती. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरची खोली. कारच्या मागे हूकला अडकवायची आणि ओढत न्यायची. काकांनी ती भोपाळच्या एका कारखान्यातून बनवून घेतली होती. मी इन्शुरन्स सर्व्हेअर. एरवी गाडी ठोकल्यावर लोक मला बोलावतात, तेव्हा मोडलेला पत्रा बघण्याखेरीज काही उरत नाही. इथे पॉलिसीआधी इन्स्पेक्शन हवं होतं, म्हणून न ठोकलेली गाडी बघायला मिळत होती. मला बरंच वाटलं होतं. दांडा उचलेपर्यंत.

"काका, इतका हलका कसा हो?"

"अगं, जड सामान सगळं मागे टाकलं. कारवर बोजा नको!"

आता हे समजावायचं कसं? दांड्याचा थोडा भार कारच्या हूकवर पडलाच पाहिजे, त्याला आम्ही नोज वेट म्हणतो. तो कमी पडला की वेगात कॅरॅव्हॅनची शेपटी डोलायला लागते, आणि डोलता डोलता पुढच्या कारला घेऊन पलटते. जास्त झाला तर कारचं मागचं अंग बसतं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. किती हवा ते कारच्या पुस्तकात छापलेलं असतं. ते पुस्तक डॅशबोर्डमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत तसंच होतं, पिशवीचं सील न फोडलेलं.

मी आत डोकावले. सागवानी पलंग. एसी. एसीसाठी दोन भल्यामोठ्या बॅटऱ्या. पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली. गजकचे, म्हणजे इथल्या तिळाच्या वड्यांचे डबे, कारण रिकाम्या हाताने देशावर गेलो तर लोक काय म्हणतील! आणि अगदी मागे, गोधडीत गुंडाळलेलं दगडी तुळशीवृंदावन. ते काकूंनी किलागेटच्या कारागिराकडून थोरल्या बहिणीसाठी घडवून घेतलं होतं.

ही बहीण साताऱ्याला. आता अंथरुणावरच असायची. 'भेटायचं त्यांनी लवकर भेटून जा,' असं तिच्या डॉक्टरांनी घरच्यांना सांगून टाकलं होतं. इकडे काकूंना तीन वर्षांपूर्वी पॅरालिसिस झालेला. उजवी बाजू गेली, बोलणं एकेका शब्दावर आलं. रेल्वेच्या बाथरूममध्ये त्यांना नेणं अशक्य, हॉटेलांचे जिने अशक्य. म्हणून ही चाकांवरची खोली. बहिणी-बहिणींची भेट या एका गाडीवर लटकली होती, आणि माझी सही झाल्याशिवाय गाडी हलणार नव्हती.

"एकूण वजन किती?" मी विचारलं.

"साडेआठशे किलो. कार बाराशे ओढते. बहुत गुंजाइश आहे."

"साडेआठशे रिकामीचं असेल."

"अगं, सामानाचं असं कितीसं वजन होणार?"

"धर्मकाट्यावर चला. तिथे कळेल."

काका तडकले. "आपल्या माणसाला अडवतेस? गणपतीत आरतीला शेजारी उभी राहतेस, आणि आता कायदा दाखवतेस?"

ग्वाल्हेरात मराठी माणूस अजून किती उरलाय! प्रत्येक जण आपलाच. वाईट मलाही वाटलं. पण ओळख बघून ब्रेक लागत नाहीत. तेवढ्यात सिटी सेंटरच्या ऑफिसातून साहेबांचा फोन आला.

"मैडम, फोटो खींचिए, साइन कीजिए. तौलता कौन है?"

"मैं तौलती हूँ, सर." मी फोन ठेवला.

धर्मकाटा म्हणजे ट्रक तोलायचा काटा. काका ट्रकवाल्यांच्या रांगेत ताठ मानेने उभे राहिले. काकूंना घरी एकटं कसं ठेवणार, म्हणून त्याही कारमध्ये होत्या. कॅरॅव्हॅन सोडवून एकटी काट्यावर चढवली. आकडा आला चौदाशे दहा.

काकांनी तो दोनदा वाचला. मग हळूच म्हणाले, "दोनशेच तर जास्त आहेत."

"काका, इंदूरपुढे घाट उतरायचाय. तिथे ब्रेक दाबला तरी हे धूड मागून ढकलत राहील. अशा गाड्यांचे फोटो मी काढलेत. तुम्हाला दाखवणार नाही."

ते एकदम खालीच बसले, काट्याच्या कठड्यावर. मला फार कसंतरी झालं.

"पप्पा, वो पत्थर निकाल दो," मुलगा निखिल म्हणाला. गाडी तोच चालवणार होता. "मावशीला पार्सल करून देऊ ना."

"हो, दगड काढ. आणि गजक..."

कारच्या दारावर धपकन हात आपटला. काकू. डाव्या हाताने.

"मला... विचारलंत... का... कुणी?"

"तिला म्हणायचंय की..." काका सुरू झाले.

"काका, थांबा. त्यांना बोलू द्या."

आम्ही थांबलो. मागे ट्रकवाले हॉर्न मारत होते. मारू देत!

"एसी... काढा."

"अगं, तुझ्यासाठीच तर घेतला!"

"मला... थंडी... वाजते. तीन... वर्षं."

काका दाराशी वाकले. "मग सांगितलं का नाहीस?"

"सांगते... ना. मी... 'एसी' म्हणते... तुम्ही... म्हणता... 'लावतो, लावतो.'"

निखिल दुसरीकडे बघायला लागला. काकांनी खिशातून रुमाल काढून काकूंच्या ओठांची कड पुसली, आणि नंतर स्वतःचे डोळे.

एसी उतरवला, बॅटऱ्या उतरवल्या. टाकीतलं बरंचसं पाणी सोडून दिलं, कारण पाणी वाटेत कुठेही मिळतं. वृंदावन मी चाकांच्या जरासं पुढे, खाली जमिनीलगत ठेवून पट्ट्यांनी बांधायला लावलं. पुन्हा तोललं तर अकराशे दहा. घरून आणलेला वजनकाटा लाकडी ठोकळ्यासकट दांड्याखाली सरकवून नोज वेट बघितलं. तेही आता पुस्तकाप्रमाणे आलं. मी काकांना दांडा उचलायला सांगितलं. दोन्ही हातांनीही जमेना.

"आता बरोबर आहे," म्हटलं, आणि सही केली.

लिमिट पुस्तकात सापडते. किती जास्त झालं ते काटा सांगतो. काय उतरवायचं ते मात्र ज्याच्यासाठी गाडी निघते त्यालाच विचारावं लागतं, आणि उत्तर पुरं होईपर्यंत उभं राहावं लागतं. हे कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत.

पुढच्या आठवड्यात साताऱ्याहून फोन आला. काकांनी नुसतं "हिच्याशी बोल" म्हणून फोन काकूंना दिला.

"ताईनं..." काकू म्हणाल्या आणि अडल्या. 'ओळखलं का?' माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी ओठ आवळले. पलीकडे काकाही गप्प होते.

"ताईनं... उठून... तुळशीला... पाणी... घातलं."