भाला काढून झाडू दिला

अन्याय झाला तो माझ्या वडलांवर. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस, मी बारावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात, पन्हाळ्यावर, दुपारची पंगत उठल्याउठल्या. जागा आणि वेळ पक्की सांगते, कारण मी तिथं होते.

गडावर टीव्हीच्या ऐतिहासिक मालिकेचं शूटिंग चाललं होतं. गर्दीत उभी करायला आमच्या कोडोलीतनं ट्रकभर माणसं नेली होती, त्यात वडीलही. त्यांचे डबे घेऊन मीही गेले होते. वडील गवंडी, उंच, रुंद खांद्याचे, भरदार मिशांचे. त्यांना बघताच दिग्दर्शकाच्या मदतनिसानं त्यांच्या हातात भाला दिला आणि पहारेकरी म्हणून दरवाज्यावर उभं केलं. कोडोलीकर ओरडले, "पावणं, मिशीला जरा पीळ द्या की! गनीम भ्यायला नगं व्हय?" वडील हसले नाहीत. खरीच राखण अंगावर असल्यासारखे उभे राहिले. सकाळचा सीन एका दमात झाला.

जेवताना आमच्याच गावच्या एकानं मदतनिसाच्या कानाशी लागून सांगितलं, हा माणूस बौद्धवाड्यातला आहे. कानाशी म्हणजे मला ऐकू येईल इतपत. पंगत उठली आणि मदतनीस झाडू घेऊन आला.

"काका, तुम्ही आता हे धरा. दरवाज्यापुढचं झाडायचंय. भाला दुसऱ्याला देतो."

"का? सकाळी चुकलं काय माझं?"

"तसं नाही हो. पण आम्हाला इतिहासाला धरून दाखवावं लागतं."

"इतिहासाला धरूनच हुबा हाय की मी," वडील म्हणाले. "गडाच्या घेऱ्याची राखण आमच्या लोकांकडं हुती. दरवाजा लागला की वरची झोपायची आन् आमी भाईर रानात. गनीम आला तर पयल्यांदा आमच्या अंगावर."

"काही पुरावा?"

"काठी हुती. घुंगराची. राखणीला निघायचं ते ती घिऊन."

"कुठंय?"

"जाळली."

मदतनीस हसला. "मग संपलंच."

काठी जाळली हे खरं. छप्पन्न साली धर्म बदलला तेव्हा आजोबांनी देव नदीत सोडले आणि ती काठी स्वतःच्या हातानं चुलीत घातली. तिच्यात राखणीचा मान होता, तशीच मेली गुरं ओढायची सक्ती होती, दारोदार भाकरी मागणं होतं. मान तेवढा ठेवून बाकीचं टाकायची सोय गावानं ठेवलीच नव्हती. आमच्या वाड्यात घरोघरी त्या काठ्या जळल्या. माणसासारखं उभं राहायला जे जाळावं लागलं, तेच हा पोरगा दाखवा म्हणत होता.

वडलांनी झाडू त्याच्या खुर्चीवर ठेवला. "ह्यो तुमचा तुमीच धरा." पागोटं उतरवलं, घडी घालून दिलं. आम्ही एसटीनं परत आलो.

पावसाळ्यात तो भाग लागला. शेजाऱ्यांच्या टीव्हीपुढं आम्ही सगळे. लांबून दरवाजा दिसला आणि आई एकदम म्हणाली, "आवं, ह्ये तुमीच न्हवं का?" वडीलच होते. भाला हातात. सकाळचं चित्रण फुकट कशाला घालवायचं म्हणून मालिकावाल्यांनी ते ठेवलं होतं. मग कॅमेरा जवळ आला तर भाल्यामागं दुसराच चेहरा, आणि खाली आमच्यातलाच कुणीतरी वाकून झाडत होता. वडील उठून बाहेर गेले.

आता ती मालिका रोज दुपारी पुन्हा लागते. वडलांचे गुडघे गेलेत, कामावर जात नाहीत, दुपारभर घरीच असतात. मालिकेचं गाणं सुरू झालं की टीव्हीकडं पाठ करून बसतात. बंद करा म्हणत नाहीत. नातवंडं बघत असतात ना.

तुम्हीही बघता, मला ठाऊक आहे. मग आजच एक पत्र टाका त्या वाहिनीला. दरवाजा लागल्यावर बाहेर कोण उभं होतं, एवढंच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहा. पुरावा मात्र आमच्याकडं मागू नका. काठी जाळायची वेळ ज्यांनी आणली, त्यांच्याकडं मागा.