घोडदळावरचा माझा एकुलता एक श्रोता

निवृत्त झाल्यावर माणसाला काहीतरी वेड लागतंच. अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरी गावातल्या मराठी मंडळींत कुणाला टोमॅटो लावण्याचं लागलं, कुणाला पिकलबॉल खेळण्याचं. मला घोडदळाचं लागलं. नोकरी सगळी पेसमेकरच्या बॅटऱ्या करण्यात गेली, त्यामुळे घोड्याशी माझा संबंध माथेरानपुरता. तेव्हा मी सात वर्षांचा होतो, लगाम घोडेवाल्याच्या हातात होता आणि तरीही मी पूर्ण वेळ रडत होतो. पण पुस्तकं मात्र कपाटभर वाचली. रणगाडे आणि विमानं आल्यावर घोडदळाचं काय झालं, हा माझा खास प्रांत. माझं मत ठाम होतं. यंत्रांच्या युद्धात घोड्यावर बसून जाणारा माणूस एकतर वेडा असतो किंवा फोटो काढून घ्यायला आलेला असतो.

अडचण एवढीच की हे ऐकायला कुणी नव्हतं. मुलीला फोन करून विषय काढला की "बाबा, आय हॅव अ मीटिंग" म्हणते, रविवारीसुद्धा. बायको चहाचा कप समोर ठेवते आणि खोलीतून नाहीशी होते. ऐकायचा तो फक्त शेजारी.

हा शेजारी अमेरिकन, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, कमी बोलणारा, उजव्या पायाने जरा लंगडणारा. सैन्यात होता एवढं ठाऊक होतं. काय करायचास म्हणून विचारलं तर "रेडिओ सांभाळायचो" म्हणाला, तेव्हा मी त्याला तिथल्या तिथे कारकुनांत जमा करून टाकलं. दर शनिवारी तो गावाबाहेरच्या एका तबेल्यात फुकट काम करायला जायचा. माणसाला लीद उपसण्याचीही आवड असू शकते, असं मी मनाशी म्हटलं.

दोन हिवाळे मी त्याला घोडदळ शिकवलं. तो ड्राइव्हवेवरचा बर्फ मशीनने काढत असला की मी कोट चढवून बाहेर जायचो. तो मशीन बंद करायचा आणि मिशीवर बर्फ घेऊन निमूट ऐकत उभा राहायचा. एकदा मी आत आलो तर बायको खिडकीशीच उभी होती.

"अहो, त्या बिचाऱ्याने तुमचं काय घोडं मारलंय? मायनस टेन आहे बाहेर!"

"त्याला इंटरेस्ट आहे."

"एवढा? तुमच्या बोलण्यात?" तिने खरंच आश्चर्याने विचारलं. "का पण?"

मला राग आला. आपलं बोलणं कुणाला आवडू शकतं, हे घरच्या माणसांना पटत नाही.

मार्चमध्ये इथल्या मराठी मंडळाच्या ज्येष्ठांच्या गटाने माझं व्याख्यान ठेवलं. चाळीस मिनिटांचं व्याख्यान आणि मी एकेचाळीस स्लाइड्स केल्या. बाराव्या स्लाइडवर अफगाणिस्तानातल्या डोंगरात घोड्यांवर बसलेले अमेरिकन सैनिक होते आणि खाली मी एकच शब्द लिहिला होता: हौस! शेजाऱ्याला लॅपटॉपवर सगळं दाखवलं, त्या शब्दाचा अर्थही सांगितला. तो त्या चित्राकडे बराच वेळ पाहत राहिला.

"तू घोड्यावर बसला आहेस कधी?" त्याने विचारलं.

मी माथेरान सांगितलं. रडण्याचा भाग गाळला.

"शनिवारी चल माझ्याबरोबर," तो म्हणाला.

मी खूश झालो. पहिल्या स्लाइडला माझाच घोड्यावरचा फोटो मिळणार होता.

तबेल्यातली घोडी म्हातारी होती आणि पाठीला चांगली ऐसपैस. मला वर चढवायला दोन माणसं लागली. दहा पावलं चालून ती थांबली आणि गवत खाऊ लागली. तिला पुढे कसं न्यायचं हे माझ्या कपाटातल्या एकाही पुस्तकात नव्हतं. तेवढ्यात मागे कुणीतरी ट्रॅक्टर सुरू केला. घोडी दचकली, मी दोन्ही हातांनी तिची आयाळ पकडली आणि "आई गं!" म्हणून ओरडलो. शेजारी शांतपणे लगामाला हात लावून उभा होता.

"टाचा खाली ठेव. तिला ओढू नकोस, तिला रस्ता माहीत आहे."

"तुला हे कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही. तिकडे अफगाणिस्तानात आम्हाला घोडे दिले, तेव्हा मीही पहिल्यांदाच बसलो होतो. पाय अडकवायच्या रिकिबी इतक्या आखूड होत्या की आठवडाभर गुडघे सरळ होईनात. एका हातात लगाम, दुसऱ्या हातात रेडिओ. बॉम्ब कुठे टाकायचे ते विमानांना सांगायचं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षं मी या माणसाला तोंडावर वेडा म्हणत होतो. आणि घोड्यावर बसलेल्या माणसाला तोंड लपवायलाही जागा नसते.

"मग मला थांबवलं का नाहीस?"

तो चालता चालता सांगू लागला. एकदा कड्यावरच्या वाटेवर धुकं उतरलं, पुढचं काही दिसेना. त्याने लगाम सैल सोडला आणि घोड्याने त्याला एकेक पाऊल टाकत खाली आणलं. दोन दिवसांनी ट्रक आले. सामान चढवलं, घोड्याच्या मानेवर थाप मारली आणि तो निघाला. नंतर घोडे ज्या गावात राहिले त्या गावावर तोफांचा मारा झाल्याचं त्याने ऐकलं.

"तू एवढं वाचतोस," तो म्हणाला, "मला वाटलं, बोलता बोलता कधीतरी तिथे येशील."

"कुठे?"

"आम्ही गेल्यावर त्या घोड्यांचं काय झालं तिथे. आहे का कुठल्या पुस्तकात?"

मी मनातल्या मनात सगळं कपाट उलथंपालथं केलं. कुठल्या लढाईत किती घोडे उतरले ते मला पाठ होतं. नंतर ते कुठे गेले, हे मी कधी शोधलंच नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. मला फार लाज वाटली.

बाराव्या स्लाइडवरचा शब्द मी काढून टाकला. व्याख्यान ठीक झालं, म्हणजे दोन काका झोपले आणि सगळ्यांनी बटाटेवड्यांची तारीफ केली. शेजारी का ऐकायचा ते मी बायकोला सांगितलं. ती चक्क चिडवायचं विसरली. "मग शोधा की," एवढंच म्हणाली.

आता पुन्हा बर्फ पडायला लागलाय. मी बाहेर गेलो की तो अजूनही मशीन बंद करतो आणि माझ्याकडे बघत उभा राहतो.

"अजून नाही सापडलं," मी सांगतो.

तो मान हलवतो आणि मशीन पुन्हा सुरू करतो.